सोवळ्यातला सर्व्हर

उन्हाळ्यावर गोड गोड लिहिणाऱ्यांनी एकदा वैशाखात मुकुंदवाडीला येऊन राहावं. मोगरा, वाळा, आंब्याची अढी, माठातलं गार पाणी! माठात पाणी असायला आधी ते नळाला यावं लागतं. आमच्या गल्लीत या दिवसांत दारोदार निळे ड्रम उभे असतात आणि झाकणांवर दगड, कारण इथे झाकणंही चोरीला जातात. कूलरमध्ये ओतायला पाणी नसतं, तरी आम्ही तो लावतो. गरम तर गरम, वारा तरी हलतो. स्टेशनातून पॅसेंजर गेली की ड्रम थरथरतात आणि त्यातले रिकामे कोणते ते मला आत बसून ऐकू येतं. हा ऋतू मला कधीच आवडला नाही. आणि एका दुष्काळी वर्षापासून तर माझं त्याच्याशी उघड वैर आहे.

यंदा पुन्हा चारा छावण्या लागणार असं पेपरात आलं. बातमी वाचली आणि नाकात वास शिरला. उसाची चिपाडं, ओलं शेण, तापलेली ताडपत्री. वासामागून माणूस आठवतो म्हणतात. मला आठवला तो माणूस छावणीतला नव्हता, छावणी त्याने कधी पाहिलीही नव्हती. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, पाय अनवाणी आणि बोटं कीबोर्डवर. आमचे पाटोदकर सर.

त्या वर्षी शहर वाढत होतं आणि पाणी आटत होतं. बीड बायपासला नवी कॉलनी उठली की सगळ्यांच्या आधी बोअरची गाडी यायची. दगडाचा पांढरा भुगा उडायचा आणि आजूबाजूच्या गुलमोहरांवर पीठ सांडल्यासारखा बसायचा. एकाचं बोअर आटलं की तो आणखी खोल जायचा, मग शेजारी त्याच्याहून खोल. खाली पाणी सगळ्यांचं एकच आहे असं कुणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढायचे. लग्नाच्या लॉनवरची हिरवळ मात्र तशीच्या तशी होती. टँकर तिथे वेळेवर जायचा.

आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, एका फरसाणवाल्याच्या वर. मालक शकीलभाई, वरिष्ठ पाटोदकर सर, आणि हाताखाली मी. छावण्यांमधल्या जनावरांच्या हजेरीचं काम त्या वर्षी आमच्याकडे होतं. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. सकाळी छावणीतला माणूस बिल्ल्यासमोर मोबाइल धरायचा आणि नोंद आमच्या सर्व्हरवर यायची. आज जेवढी हजेरी, तेवढा उद्याचा चारा. नोंद नाही तर चारा नाही, इतकी सरळ गोष्ट. नोंदी घेणारा प्रोग्राम मी लिहिला होता, पण तो ज्या सर्व्हरवर चालायचा तो सरांचा. सरांचा म्हणजे देवघर जसं एखाद्याच्याच ताब्यात असतं तसा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. सर्व्हर म्हणजे सदैव जागं राहून मागेल त्याला उत्तर देणारं मशीन. त्यात लागणारं सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी घालता येतं. एक तऱ्हा पॅकेजची. कुणीतरी दळून, चाळून, पिशवीत भरून ठेवलेलं असतं. आपण एक आज्ञा द्यायची, ते येऊन जागेवर बसतं. पुढे त्यात काही खोट सापडली तर दुरुस्तीही तिकडूनच येते. दुसरी तऱ्हा सोर्सची. मूळ लिखाण आणायचं, म्हणजे कोरं धान्य आणायचं, आणि निवडण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं आपल्या हातानं. हवं ते घाला, नको ते काढा. मग रोजची राखणही आपणच करायची.

सरांचं एकच वाक्य होतं, “शोभाताई, आपण बाहेरचं खात नाही.”

त्यांचे पणजोबा वेरूळला पूजा सांगायचे, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते, आणि सर सोर्सवरून सर्व्हर बांधायचे. नवी आवृत्ती चढवायची असली की त्या सकाळी डोक्यावरून अंघोळ करून यायचे, आणि तेही अशा शहरात जिथे बायका अंघोळीचं पाणी बादलीत धरून त्यानं फरशी पुसत होत्या. चपला दाराबाहेर. बांधणी पुरी होईतो पोटात काही घालायचं नाही. पाणी प्यायलं तर घरून आणलेल्या तांब्यातलं. पडद्यावर ओळी सरसर सरकायच्या आणि सर खुर्चीत मांडी घालून बघत बसायचे. तेवढ्या वेळात कीबोर्डला कुणी बोट लावायचं नाही. कुणी आत डोकावलं तर म्हणायचे, “शिजतंय.” बांधणीच्या आज्ञेला जे पर्याय जोडावे लागतात त्यांची ही लांबलचक माळ असते, ती त्यांना संथा म्हटल्यासारखी तोंडपाठ. कुठेही लिहिलेली नाही. मी एकदा म्हटलं, सर, कागदावर उतरवून द्या, तुम्ही नसताना लागलं तर. तर म्हणाले, “कागदावर गेलं की डोक्यातून जातं.” पासवर्डही डोक्यातच.

खोटं कशाला बोलू, त्यांचा सर्व्हर चपळ होता. पॅकेजातलं सॉफ्टवेअर बहुतेकदा जुनं असतं आणि त्यात नको ते सतरा भाग कोंबलेले असतात. सरांनी सगळा फापटपसारा काढून टाकला होता. एवढं मी मान्य करते, आणि एवढंच करते.

माझ्या आजोळी गावाचा एक आड आहे. उन्हाळ्यात तळ दिसायला लागला की घरटी एक माणूस गाळ काढायला उतरतो. पाणी सगळ्यांचं म्हणून गाळही सगळ्यांचा. पॅकेज म्हटलं की मला तो आड आठवतो. कुठल्या कुठल्या देशांत बसलेली, आपल्याला जन्मात न भेटणारी माणसं तिथे गाळ उपसत असतात आणि आपण पाणी शेंदतो. त्यांच्या हातचं ते बाहेरचं, असं म्हणायला जीभ कशी वळते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

बरं, सरांच्या घरी तरी काय होतं? एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी स्वयंपाकघरात वहिनींना मदत करत होते. त्या कैरीच्या लोणच्याची प्लास्टिकची पिशवी कापून चिनीमातीच्या बरणीत ओतत होत्या. मी बघतेय म्हटल्यावर हसल्या. “आता कोण घालत बसतंय गं! मुरतं का ते लवकर? यांना नको बोलूस.” पानावर सरांनी बोट चाटलं आणि शकीलभाईंना म्हणाले, “घरच्या लोणच्याची सर कशाला येत नाही.” मी आणि वहिनींनी एकमेकींकडे बघितलं सुद्धा नाही.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, त्याच उन्हाळ्यात छावणीत उतरला. आमची माणसं मेंढरांमागे हिंडणारी. मेंढरं घेऊन भाऊबंद गोदावरीच्या कडेकडेनं खाली गेले, पण मामाची गाय हरणी गाभण होती. तिला एवढं चालवणं जमणारं नव्हतं. म्हणून तो तिच्याबरोबर छावणीत राहिला. मी रविवारी बघायला गेले. ताडपत्रीखाली लांबच लांब दावण, उसाचे तुकडे, माश्या, आणि सगळीकडे कान हलले की पिवळे बिल्ले हलत होते. हरणीचं पोट खाली उतरलं होतं. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता.

“शोभे, हे कानात काय टोचलं हिच्या?”

“त्यावरून हजेरी लागते मामा. माझ्या ऑफिसात.”

“म्हंजी तुह्या मशीनला कळतंय का, हरणी इथं हाय म्हून?”

“कळतं की.”

“मंग भरवसा ठेवू?”

“ठेव,” मी म्हटलं.

त्यानंतर तो शेजारच्या दावणीवाल्यांना ऐटीत सांगत सुटला, “माही भाची हाय तिकडं शहरात. हरणीची हजेरी तीच घेती.” दुष्काळात माणसाला मिरवायला फार थोडं उरतं. मामाकडे मी होते.

मग तो सोमवार आला. पाऊस पडावा म्हणून सरांनी वेरूळला घृष्णेश्वरावर अभिषेक सांगितला होता. गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा. इकडे उस्मानपुऱ्यात सकाळी वीज गेली. बॅटरीनं थोडा वेळ धुगधुगी धरली आणि मशीन बंद पडलं. वीज आली, मशीन पुन्हा सुरू झालं, पण त्यावर सरांनी बांधलेलं सॉफ्टवेअर काही उठलं नाही. पॅकेजबरोबर एक साधी सोय येते: मशीन सुरू झालं की सॉफ्टवेअर आपणहून उठतं. सोर्सवरून बांधलं तर ती सोय आपण लिहायची असते. सरांनी ती कधी लिहिलीच नव्हती. देवापुढचा दिवा आपणहून लागत नाही, तो हातानंच लावायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि हात वेरूळला होते, पासवर्डही.

छावण्यांतून फोनवर फोन. नोंद जाईना, मॅडम. फिरवून फिरवून बघितलं, जाईना. मी सरांचा नंबर लावत होते आणि तो बंद येत होता. शकीलभाई घामानं भिजून वर आले.

“क्या हुआ? छावणीवाले जान खा रहे मेरी.”

“सर वेरूळला आहेत. फोन बंद.”

“तो अब क्या, बारिश आने तक बैठना?”

“कोपऱ्यातलं जुनं मशीन आहे. त्यावर पॅकेजवरून सर्व्हर लावते, आजच्या नोंदी त्यात घेते. चालेल का?”

“मेरेकू मत पूछो बेटा, कर डालो. जानवर का क्या कसूर इसमें?”

आज्ञा दिली. ओळी सरकल्या. खालून आलेला चहा कोमट व्हायच्या आत सर्व्हर उभा होता, नोंदी साठवायच्या डेटाबेससकट. अंघोळ आदल्या दिवशीची, चप्पल पायात, तोंडात खालच्या दुकानातली शेव. माझा प्रोग्राम त्यावर टाकला, सरांच्या मोठ्या मशीनचा पत्ता जुन्याला दिला आणि छावण्यांना कळवलं की आता बिल्ले दाखवा. जरा वेळानं पडद्यावर एक नोंद आली. मग चार. मग खिडकीवर गारा पडाव्यात तशा येतच राहिल्या. हरणीच्या बिल्ल्याची नोंद आलेली मी डोळ्यांनी पाहिली. माझ्या नोकरीत तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दुपारी सर आले. कपाळाला भस्म, हातात प्रसादाची पुडी. सर्व्हरच्या खोलीत गेले आणि वायर कुठून कुठे गेली आहे ते त्यांना दिसलं.

“हे कुणी केलं?”

“मी. पॅकेजवरून. नोंदी सगळ्या आल्या सर, एकही छावणी राहिली नाही.”

“माझ्या सर्व्हरच्या जागी बाजारचं आणून बसवलंत?” आणि मग ते हसले. “बाटवलंत की हो सगळं.”

हसत म्हणाले, हे महत्त्वाचं. रागानं म्हणाले असते तर मी उलट बोलले असते. माझ्या आईला लहानपणी ज्या ओट्यांवर बसू देत नसत, त्या ओट्यांवरचा हा शब्द. तो इतकी वर्षं जपून ठेवला होता आणि वातानुकूलित खोलीत माझ्यासाठी काढला. माझी कानशिलं तापली. तरी मी स्वतःला सांगितलं, आधी नोंदी.

“सर, आजच्या नोंदी तेवढ्या उचलून मोठ्या मशीनमध्ये घेऊ. काही अवघड नाही त्यात.”

“बाहेरचं आत घ्यायचं नाही. त्यात काय मिसळलंय, कुणी पाहिलंय? उद्या छावण्यांना पुन्हा हजेरी घ्यायला सांगा.”

“उद्याची हजेरी उद्याची, सर. आजची गेली तर उद्या चारा निघणार नाही.”

त्यांनी पाय धुतले आणि मोठ्या मशीनपुढे बसले. मी शकीलभाईंना बोलवायला खाली धावले. आम्ही दोघं जिना चढून वर येईतो मोठा सर्व्हर सुरू झाला होता आणि जुनं मशीन कोरं झालं होतं. जेवणं झाल्यावर ओटा पुसावा, तसं त्यांनी ते पुसून काढलं होतं.

“सर, ये क्या किया आपने?” शकीलभाईंनी विचारलं.

“स्वच्छ केलं,” सर म्हणाले आणि प्रसाद पुढे केला.

शकीलभाईंनी प्रसाद घेतला आणि गप्प राहिले. चांगला माणूस, पण गप्प राहिला. मोठ्या मशीनच्या सगळ्या किल्ल्या एकाच डोक्यात होत्या, त्याला तो तरी काय करणार होता? सोर्स की पॅकेज, हा वाद लोक चवीनं घालतात. वेग, आवृत्ती, हौस, शिकायला मिळतं वगैरे. मला त्या दिवशी त्यातलं जे समजलं ते एवढंच की आपल्या हातानं बांधण्याचा मोठेपणा मिरवणाऱ्याला पुष्कळदा दुसऱ्याचे हात नको असतात.

दुसऱ्या दिवशी चाऱ्याची गाडी निघालीच नाही. हिशेबाप्रमाणे छावण्यांमध्ये एकही जनावर नव्हतं. मी फोन करून करून घसा बसवून घेतला. पलीकडचा आवाज दर वेळी म्हणायचा, मॅडम, सिस्टिमला दिसत नाही. ज्या मशीनला हरणी दिसली होती ते कोपऱ्यात कोरं पडलं होतं. गाडी आली ती त्याच्याही दुसऱ्या दिवशी.

पुढच्या रविवारी मी छावणीत गेले. दावणीला हरणीची जागा रिकामी. खुंटा तसाच होता आणि मामा त्याला टेकून बसला होता.

“हरणी कुठंय?”

“इकली.”

“मामा! एका दिवसाचा घोळ होता रे. आली ना गाडी?”

“आली ना. लई आली.” त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. “पर त्या दिशी ती आधी दावणीकडं बघू लागली, मंग माह्याकडं. दिसभर बघू लागली. पोटुशी जनावर. तिला काय सांगू, मशीनला तू दिसंना म्हून?”

मी त्याच्याजवळ खाली बसले. तोच म्हणाला, “तुह्यावर राग नाय, शोभे. पर भरवसा आता नाय.”

मला राग चालला असता. एसटीत बसले तेव्हा बाहेर कुठल्याशा लॉनवर कारंजं उडत होतं. मी शहराला, उन्हाला, सरांना आणि घृष्णेश्वराला एका दमात शिव्या दिल्या. शेजारची बाई सरकून बसली.

लोक म्हणतात, जाऊ दे, माणूस वाईट नव्हता. असेल. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याला आपण काय केलं ते ठाऊक असतं. पाऊस व्हायचा तेव्हा झाला, छावण्या उठल्या, आणि सर पुण्याला मोठ्या कंपनीत गेले. ते गेल्यावर मी मोठं मशीन मुळापासून उतरवलं आणि सगळं पॅकेजवरून लावलं. काय लावलं, कसं लावलं, ते खोलीच्या भिंतीवर ठळक अक्षरात चिकटवलं आहे. पासवर्ड माझ्याशिवाय आणखी दोघांना ठाऊक आहे. वीज जाते, येते, सर्व्हर आपणहून उठतो. त्याला कुणाच्या अंघोळीशी देणंघेणं नाही. मामानं त्यानंतर गाय ठेवली नाही. मी घरी गेले की तो चहा करतो, मुलांची चौकशी करतो, पण माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारत नाही.

छावण्यांची बातमी आली त्याच आठवड्यात पाटोदकर सर ऑफिसात आले. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला. केस पिकलेत, शर्ट तसाच पांढराशुभ्र. मी खुर्ची दिली, पाणी पुढे केलं. “नको, बाहेरचं पाणी मी पीत नाही,” म्हणाले आणि पिशवीतून दुकानात मिळते तसली सीलबंद बाटली काढून झाकण मोडलं. कुठल्या बोअरचं पाणी, कुणी भरलं, कुणाच्या हातानं झाकण बसलं, काही ठाऊक नाही; पण सील होतं, म्हणजे ते घरचं.

त्यांनी सर्व्हरच्या खोलीत डोकावून भिंतीवरचे कागद पाहिले. “अजून पॅकेजच का?”

“हो.”

मग त्यांनी डोळे मिटले आणि ती पर्यायांची माळ म्हणायला सुरुवात केली. पहिल्यापासून शेवटापर्यंत, न अडखळता, त्याच चालीवर. डोळे उघडले तेव्हा चेहरा फुलला होता. “बघा, अजून एक चुकला नाही.”

“सर, छावणीच्या वर्षी एका दिवसाच्या नोंदी तुम्ही पुसल्या होत्या. आठवतं?”

“कुठल्या नोंदी?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. लपवाछपवी असती तर मला ओळखता आली असती. एवढी मोठी माळ राहिली होती त्या डोक्यात, आणि हे नव्हतं.

“हरणीची होती त्यात,” मी म्हटलं.

“हरणी?” ते आठवायचा प्रयत्न करू लागले. “आपल्याकडे कामाला होत्या का त्या?”

खालून दोन कप चहा आला. सरांनी हात आडवा केला, बाहेरचा चहा ते घेत नाहीत. लग्नाला नक्की या म्हणाले, दाराबाहेर काढलेल्या चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. मी माझा चहा प्यायले. मग त्यांचा कप जवळ ओढला आणि तोही प्यायले.